घरी जोडलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ इन्स्टॉल होताना मध्येच एरर येतो. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरं असेल का?

बहुतेक नाही. पेनड्राइव्ह तीनदा नव्यानं बनवला आणि दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकतं, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचूनच उत्तर लिहायला बसले, कारण २०२२ मध्ये माझंही अगदी हेच झालं होतं.

मी मिरजेत राहते, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. तुळशीच्या लग्नानंतर कामाला उसंत नसते, म्हणून दिवाळीआधीच एकेक पार्ट मागवून कॉम्प्युटर स्वतः जोडला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, सगळं व्यवस्थित दिसत होतं: १६ जीबीच्या दोन्ही रॅम, एसएसडी (म्हणजे डिस्क), प्रोसेसरचं तापमान. पण विंडोज टाकायला घेतलं की एकदा ३४ टक्क्यांवर, एकदा ७१ वर, एकदा ११ वरच बंद. शेवटी ८००७०५७० हा आकडा आणि 'फाइल खराब आहे किंवा सापडत नाही' असा मेसेज.

आमचे दाजी पहिल्यापासून म्हणत होते, "तयार घे, बिघडला तर दुकानदार बघंल." तेच मला सांगलीला एका दुकानात घेऊन गेले. रिक्षात कॅबिनेट मांडीवर धरून नेलं. तिथल्या माणसानं कॅबिनेटचं बाजूचं झाकणसुद्धा उघडलं नाही. "घरी जोडलं की असंच होतं, हाताच्या स्टॅटिक विजेनं बोर्ड उडतो," म्हणाला. पाचशे रुपये घेतले आणि नव्या बोर्डाचे साडेआठ हजार सांगितले. दाजींनी मान डोलावली. ती मान मी अजून विसरलेले नाही.

रात्री घरी येऊन मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून चालवलं. चार मिनिटांत लाल ओळी, म्हणजे चुका. मग एक रॅम काढली आणि उरलेली एकटी तपासली: स्वच्छ. दुसरी लावली: लाल. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली: तिथंही लाल. संपला विषय. एकच रॅम दोन्ही स्लॉटमध्ये चुकत असेल तर रॅम खराब. कुठलीही रॅम एकाच स्लॉटमध्ये चुकत असेल, तरच बोर्डावर संशय घ्या.

यामागचं कारण समजून घ्या. इन्स्टॉलर दाबून भरलेल्या फाइल्स रॅममध्ये उलगडतो आणि मग डिस्कवर लिहितो. रॅममध्ये एक बिट जरी उलटा झाला तरी हिशेब जुळत नाही आणि तो फाइललाच खराब म्हणतो. खराब जागा कधी वापरात येईल याचा नेम नाही, म्हणून टक्के बदलत राहतात. दर वेळी नेमकं एकाच ठिकाणी अडकत असेल तर पेनड्राइव्ह किंवा डाउनलोड केलेली फाइल बघा.

तपासण्याआधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जादा वेगानं चालवणारी सेटिंग) बंद करा. त्या जादा वेगावरच रॅम चुकत असेल, तर एक्सएमपी बंद केल्यावर विंडोज निमूट इन्स्टॉल होईल. एकच रॅम लावायची असेल तर चार स्लॉटच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट, तरी मॅन्युअल बघाच.

स्टॅटिकचं भय दाखवणाऱ्यांना एवढंच सांगेन: जोडताना मी दर वेळी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावत होते, आणि तोच बोर्ड आजही माझ्या टेबलावर चालतोय. घरी जोडला म्हणून बिघडला नव्हता. रॅम कारखान्यातूनच तशी आली होती. तीच रॅम तयार कॉम्प्युटरमध्येही निघू शकली असती, फक्त तिथं मला ती शोधता आली नसती.

हो, एक राहिलंच. तुमच्याकडे इन्स्टॉलरच्या डिस्कच्या यादीत एसएसडीच दिसत नसेल तर हे सगळं लागू नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढं बऱ्याचदा बायोसमधलं व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) बंद करावं लागतं, किंवा त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. आणि डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे म्हणून नकार येत असेल तर ती जीपीटी या नव्या मांडणीची करा, पण नेहमीच्या पद्धतीनं त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं.

रॅमचं बिल जपून ठेवा. माझ्या दोन्ही रॅम जोडीनं घेतलेल्या होत्या, त्यामुळं वॉरंटीत दोन्ही पाठवाव्या लागल्या. अकरा दिवस मैत्रिणीच्या ८ जीबीवर काम काढलं. नव्या आल्या त्या संध्याकाळी दाजींना घरी बोलावलं आणि विंडोज शंभर टक्क्यांपर्यंत जाताना त्यांना समोर बसवून दाखवलं.