सैन्यात समारंभ आणि परंपरांना इतकं महत्त्व का असतं?

लढायला बंदूक लागते, मग निशाण, बिगुल आणि संचलनात इतका वेळ का घालवायचा, असं तुम्ही विचारलंय. यातल्या पुष्कळ गोष्टी मुळात रणांगणावरचीच कामं होती. दारूच्या धुरात पांगलेल्या शिपायांनी कुठे जमायचं हे पलटणीच्या निशाणावरून कळे, म्हणून ते रांगांमधून फिरवून प्रत्येकाला दाखवत. ब्रिटिश पलटणींनी लढाईत निशाण शेवटचं नेलं १८८१ साली. ते फिरवण्याचा सोहळा मात्र अजून होतो. ‘लास्ट पोस्ट’ ही धूनही रात्रीच्या पहाऱ्याची शेवटची चौकी तपासून झाल्याची खूण होती.

खरी गरज कळते ती सोबती गेल्यावर. त्या वेळी कोणाला काही सुचत नाही, म्हणून प्रत्येक हालचाल आधीच ठरलेली असते. शवपेटीवर ध्वज, खांदेकऱ्यांची एकसारखी पावलं, नळी खाली केलेल्या रायफली आणि झुकलेल्या माना. मग कोऱ्या काडतुसांच्या तीन फैरी, बिगुल आणि शांतता. सात रायफलींच्या तीन फैरी म्हणजे एकवीस बार होतात, त्यामुळे लोक याला एकवीस तोफांची सलामी समजतात. ती तोफांनी देतात आणि तो मान वेगळा.

फैरीत एक बार जरी मागे राहिला तरी तो समोर बसलेल्या घरच्यांच्या कानाला बोचतो. म्हणून रंगीत तालीम पुन्हा पुन्हा घ्यावी लागते, आणि ती घ्यावीच.

अधिकार सोपवतानाही तेच. काही सैन्यांत जुना अधिकारी सगळ्या तुकडीसमोर निशाण नव्याच्या हाती देतो. त्या क्षणापासून हुकूम कोणाचा, याबद्दल शेवटच्या रांगेतल्या शिपायालाही शंका उरत नाही.

संचलनात जवान चक्कर येऊन पडतात, त्यामागे बहुधा ताठ आवळलेले गुडघे असतात. पोटऱ्या हलत नाहीत, रक्त पायांत साचतं आणि मेंदूला कमी पडतं. पोटभर न्याहारी करावी, पाणी प्यावं, गुडघे किंचित सैल ठेवावेत आणि बुटाच्या आत बोटं हलवत राहावीत.

परंपरेच्या नावाखाली नवख्यांचा छळ होतो, तो मात्र मला अजिबात मान्य नाही. त्यातून रणांगणावरचं कुठलंच काम साधत नाही, उलट ज्याच्या भरवशावर लढायचं त्याच्याबद्दलच मनात भीती बसते.