सर ओरडतात ते ठीक, पण ओरडून झाल्यावर काय सांगतात?

पोरांच्या कोचबद्दल काय विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आलेत की सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. जी चार लोकांच्या कामाला येतील ती घेतलीत. नावं छापू नका असं बहुतेकांनी सांगितलंय, त्यामुळं नुसती गावं.

प्रश्न: सर, माझी मुलगी नववीत आहे, कबड्डीत कॉर्नरला खेळते. तिचे कोच इतकं ओरडतात की बाहेर रस्त्यावर ऐकू येतं. टीम मात्र दरवर्षी जिल्ह्यापर्यंत जाते. आमचे हे म्हणतात, ओरडल्याशिवाय पोरी तयार होत नाहीत. मला बघवत नाही. काढू का तिला तिथनं? (एक आई, निपाणी)

उत्तर: ताई, लगेच काढू नका. एक दिवस संध्याकाळी ग्राउंडच्या कडेला जाऊन बसा आणि आवाज सोडून फक्त शब्द ऐका. समजा मुलीनं अँकल होल्ड टाकला आणि रेडर निसटली, कोच ओरडले. ओरडून काय म्हणाले? "झोपलीस काय गं, घरनं जेवून आली नाहीस काय" एवढंच असेल तर ते ओरडणं फुकट गेलं, कारण पुढच्या रेडला काय वेगळं करायचं हे पोरीला कळलंच नाही. पण "लवकर वाकलीस, तिला दिसलं, तिचा पाय टेकू दे, मग दोन्ही हातानं घोटा धर आणि वर उचल" असं असेल तर आवाज कितीही मोठा असू दे, ते शिकवणं आहे.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत जॉन वुडन म्हणून बास्केटबॉलचे कोच होते, यूसीएलए कॉलेजचे, 12 वर्षांत 10 वेळा त्यांची टीम राष्ट्रीय विजेती झाली. 1974-75 च्या सीझनला थार्प आणि गॅलिमोर हे दोघे मानसशास्त्रवाले त्यांच्या प्रॅक्टिसला कडेला बसून हा माणूस नेमकं बोलतो तरी काय ते लिहून घेत होते. 2,326 नोंदी झाल्या. त्यात शाबासकी सुमारे 7 टक्के, नाराजीही जवळपास तेवढीच, आणि तीन चतुर्थांश नोंदी नुसत्या माहितीच्या, म्हणजे काय करायचं, कसं करायचं. भाषण नाही, लांबण नाही, बारकी बारकी वाक्यं. रागावले तरी लगेच पाठोपाठ बरोबर कसं करायचं ते सांगायचे.

आणि तुमच्या ह्यांना सचिन तेंडुलकरच्या आचरेकर सरांचं सांगा, कारण कडक कोचचं समर्थन करणारा प्रत्येक माणूस शेवटी त्यांच्यावरच येतो. सचिननं 2013 ला निरोपाच्या भाषणात सांगितलं की 29 वर्षांत सर एकदाही 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत. खरं आहे. पण तेवढंच लक्षात ठेवून चालत नाही की, तेच सर त्याला स्कूटरवर बसवून एका मॅचवरनं दुसऱ्या मॅचला न्यायचे, आणि पोरगं दमलं की स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, जो आऊट करेल त्याला नाणं, कोणी केलं नाही तर सचिनला. दमल्यावर विकेट फेकायची नाही हे भाषण न देता शिकवलं त्यांनी. कडकपणा सगळ्यांना जमतो हो, ती स्कूटर कोण चालवतंय?

टीम जिल्ह्यापर्यंत जाते हा पुरावा मला अर्धाच वाटतो, कारण आयत्या चांगल्या पोरी गोळा केल्या तरी जिल्हा गाठता येतो. मी विचारीन, सातवीत ज्या पोरी त्यांच्याकडं होत्या त्यातल्या किती अजून खेळतायत? आणि घरी मुलीला विचारा, आज सरांनी काय सांगितलं? तिला एक तरी नेमकी गोष्ट सांगता आली तर राहू दे. रोज रोज "सर लई ओरडले" एवढंच येत असेल, किंवा ओरडण्यात तिचं वजन, रंग, जात, घरची परिस्थिती येत असेल, तर मात्र जिल्हा गेला खड्ड्यात, दुसरा कोच बघा.

प्रश्न: सर मी 23 वर्षाचा आहे, कॉलेजला असताना फुटबॉल खेळायचो, आता गावातल्या पोरांना रविवारी आणि सुट्टीला शिकवतो. 25 एक पोरं येतात, दहा ते तेरा वर्षाची. बॉल दोनच. थोड्या वेळानं दंगा सुरू होतो, ढकलाढकली, कोण ऐकत नाही. अर्धी मराठी शाळेतली, काही कन्नड शाळेतली, त्यामुळं सगळं दोनदा सांगायला लागतं. मी जास्त फ्रेंडली आहे म्हणून असं होतंय काय? (खानापूर तालुका)

उत्तर: अरे फ्रेंडली असण्याचा आणि दंग्याचा काही संबंध नाही, पोरं रिकामी आहेत म्हणून दंगा आहे. तू नक्की लाईन लावत असणार. बारा पोरांची एक लाईन, पुढच्यानं ड्रिबल करत जायचं, शूट मारायचं, बॉल आणायचा, मग पुढचा. हिशेब कर, एकाला अर्धा मिनिट लागलं तर प्रत्येकाचा नंबर सहा मिनिटांनी येतो, तोपर्यंत दहा वर्षाचं पोरगं काय करेल? पुढच्याला टपली मारेल, दुसरं काय.

लाईन बंद कर. चार चारच्या टीम कर, गोलपोस्ट म्हणजे दोन चपला, गोलकीपर नको, मैदान बारकं. दोन बॉल म्हणजे एका वेळी सोळा पोरं खेळतात, उरलेली दर पाच मिनिटांनी आत घ्यायची. गावात कुणाकडनं तरी अजून दोन बॉल मिळव, आणि मिळवलास तर 4 नंबरचा बघ, बारा वर्षापर्यंतच्या पोरांना तोच लागतो, मोठ्यांचा 5 नंबरचा बॉल त्यांना जड जातो. मग बघ, पोराच्या पायाला बॉल किती वेळा लागतोय ते. शिवाय तिथं नियम घालता येतात, तीन टचच्या आत पास दे, किंवा डाव्या पायाचा गोल दोन धरायचा. तू बोलायची गरजच कमी पडते, खेळच शिकवतो.

भाषेचं म्हणशील तर उलट बरंच आहे, तुला कमी बोलायला लागेल. एकदा बाजूनं करून दाखव, एकदा पाठमोरा होऊन दाखव, आणि एका पोराकडनं सगळ्यांसमोर करून घे. पोरं कन्नड, मराठी दोन्ही तुझ्यापेक्षा झटकन बोलतात, एकमेकाला सांगतात. "बा" (ये), "निल्लु" (थांब), "पास कोडु" (पास दे) एवढं कन्नड तुला येतच असेल की.

बाकी शिस्तीचं एक सांगतो. 1939 ला अमेरिकेत कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी दहा वर्षाच्या पोरांचे छंदवर्ग घेऊन एक प्रयोग केला होता. एका गटाचा लीडर हुकूमशहा, सगळं तोच ठरवणार, दुसऱ्यात लीडर पोरांना विचारून ठरवायचा, तिसऱ्यात लीडर नुसता हजर, करा काय करायचं ते. हुकूमशहाच्या गटात काम जोरात चालायचं, पण तो खोलीबाहेर गेला की पडायचं. विचारून चालणाऱ्या गटात लीडर गेला तरी काम चालूच. तुला ही टेस्ट फुकटात करता येते, पुढच्या रविवारी पाणी प्यायच्या निमित्तानं झाडामागं जा आणि बघ काय होतंय. नियम पोरांकडनंच ठरवून घे, तीन पुरेत, आणि मोडला तर पाच मिनिटं बाहेर बसायचं, प्रत्येक वेळी, सगळ्यांना, तुझ्या भावाचं पोरगं असलं तरी. शिक्षा लहान असू दे, पण चुकायला नको.

आणि सिरियसली करायचं असेल तर एआयएफएफचा, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचा, डी लायसन्स कोचिंग कोर्स कर. खेळता येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं.

प्रश्न: मुलगा तेरा वर्षाचा, गावच्या तालमीत जातो. वस्ताद चांगले आहेत पण सगळे म्हणतात आता मॅट (गादीवरची कुस्ती) पाहिजे, शहरात एनआयएस (पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था) केलेल्या कोचकडं टाका. वस्तादांना काय सांगू? (कडोली)

उत्तर: काही सांगू नका, अजून दोन वर्षं तरी तालीम सोडवू नका. जोर, बैठका, आखाडा खणणं, मातीतली पकड, हे ज्या वयात अंगात मुरतं ते हेच वय. खाशाबा जाधव मातीतलेच, 1948 ला लंडनला मॅटवर उतरले, सहावे आले, आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले.

पण मॅट वेगळी हे सगळे म्हणतात ते खोटं नाही. मातीत चितपट करेपर्यंत वाट बघता येते, घुटना मारून बसता येतं, समोरच्याला दमवता येतं. मॅटवर मोठ्यांना तीन तीन मिनिटांचे आणि या वयाच्या पोरांना दोन दोन मिनिटांचे दोन राऊंड, बाहेर ढकललं तरी पॉइंट जातो, दहा पॉइंटचा फरक पडला की कुस्ती संपली. मातीतली सवय घेऊन गेलेलं पोरगं पहिलं मिनिट अंदाज घेण्यात घालवतं आणि तेवढ्यात चार पॉइंटनं मागं पडतं. त्यामुळं आठवड्यातनं दोन दिवस मॅट, बाकी तालीम. चांगला वस्ताद याला नाही म्हणत नाही. जो म्हणतो की माझा पठ्ठ्या दुसरीकडं गेला की संपला, त्याचा इगो पोरापेक्षा मोठा आहे असं समजा. एनआयएसचंही तेच, पतियाळाचं सर्टिफिकेट भिंतीवर असणं चांगलं, पण सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो आणि वर्षाचा डिप्लोमाही, कुठला केलाय ते विचारायला लाजू नका.

आणि एक, कोण का असेना, तेरा वर्षाच्या पोराला वजन उतरवायला उपाशी, बिनपाण्याचं ठेवत असेल तर त्या दिवशी पोरगं घरी आणा. वरच्या वजनात खेळू दे, हरू दे.

प्रश्न: कोच काठीनं मारतात, सगळ्यांनाच मारतात. तक्रार केली तर पोराला टीममधनं काढतील. (नाव, गाव नको)

उत्तर: सगळ्यांना मारतात म्हणून ते बरोबर होत नाही. शाळेत मारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, आणि शाळेबाहेरच्या क्लबात पोरं ज्याच्या ताब्यात असतात त्यानं क्रूरपणे वागवलं तर 2015 चा बाल न्याय कायदा लागतो. एकट्यानं जाऊ नका, चार पालक मिळून जा, लेखी द्या. त्यानंही हललं नाही तर 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा. याच पत्राबरोबर आलेल्या आणखी एका चिठ्ठीत रात्री मुलीला पर्सनल मेसेज करणाऱ्या कोचबद्दल विचारलंय. त्या ताईंना सांगतो, स्क्रीनशॉट ठेवा, मुलीला दोष देऊ नका, आणि तिथं चर्चा नको, सरळ 1098 किंवा पोलीस. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्यासाठीच आहे.

प्रश्न: आमच्याकडं स्टेट खेळलेला एक प्लेअर कोच म्हणून आलाय. साध्या पीटी सरांपेक्षा तो बराच ना? (शहापूर)

उत्तर: बरा असेलही. चांगल्या खेळाडूची अडचण अशी की त्याला जे आपसूक जमलं ते का जमलं हे त्यालाच माहीत नसतं, मग तो पोरांना "असं मार की रे" म्हणून परत परत मारून दाखवतो. सगळ्यात कच्च्या पोराला तो काय सांगतो ते बघा, पक्क्याला कोणीही शिकवेल.

प्रश्न: आमचे सर लई गोड आहेत, कधी रागवत नाहीत, पोरं खूश. फक्त प्रॅक्टिसला खुर्चीवर मोबाईल बघत बसतात. (अनगोळ)

उत्तर: वर लेविनचा तिसरा गट सांगितला ना, लीडर नुसता हजर असलेला? सगळ्यात कमी काम त्या गटात झालं होतं. फी कितीय तुमची?