वाचकांचे प्रश्न : सफरचंदाचे एकच झाड लावताना

प्रश्न : सफरचंदाच्या बिया रुजवून मी एक रोप तयार केले असून ते आता हातभर उंच झाले आहे. माझ्या छोट्या बागेत एकाच झाडापुरती जागा आहे. हे रोप तेथे लावल्यास ज्या फळाच्या बिया होत्या तशीच गोड फळे मिळतील का?

उत्तर : तशीच फळे मिळण्याची शक्यता फार कमी आहे. सफरचंदाची फळधारणा बहुधा दुसऱ्या जातीच्या परागांमुळे होते. त्यामुळे प्रत्येक बी हा नवा संकर असतो आणि त्याचे फळ आंबट, तुरट किंवा बारीक निघण्याचा संभवच अधिक. 'ग्रॅनी स्मिथ' ही प्रसिद्ध जात ऑस्ट्रेलियात आपोआप उगवलेल्या रोपातूनच मिळाली हे खरे, परंतु असे योग विरळा. शिवाय बियांपासून वाढलेले झाड उंच होते आणि फळावर येण्यास अनेक वर्षे घेते. तेव्हा हे रोप हवे तर कलम बांधण्याच्या सरावासाठी कुंडीत ठेवावे, पण बागेतील एकमेव जागा त्याला देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

त्या जागी कलमच लावावे आणि ते घेताना जातीइतकीच खुंटाची, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर हव्या त्या जातीची फांदी जोडलेली असते त्या रोपाची, चौकशी करावी. झाडाची उंची मुख्यतः खुंटावर ठरते, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. 'एम 9' या खुंटावरील झाड साधारण अडीच ते तीन मीटरवर थांबते आणि दोन-तीन वर्षांत फळ देऊ लागते. मात्र त्याची मुळे अशक्त असल्याने त्याला कायमचा आधार द्यावा लागतो. 'एमएम 106' वरील झाड मोठे होते, पण अधिक काटक असते. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या फांदीला स्वतःची मुळे फुटतात आणि ठेंगण्या खुंटाचा उपयोग संपतो.

दुसरा विचार परागांचा. आसपास त्याच काळात फुलणारे दुसऱ्या जातीचे सफरचंद असेल, तर मधमाश्या ते काम करतात. नसेल तर एकाच खुंटावर दोन जाती बांधलेले कलम घ्यावे. 'जोनागोल्ड'सारख्या जातींचे पराग इतरांना निरुपयोगी असतात, म्हणून जोडीदार म्हणून त्या निवडू नयेत.

हिवाळा सौम्य असेल तर जातीची निवड आणखी काटेकोरपणे करावी. सुप्तावस्थेतून नीट जागे होण्यासाठी अनेक जुन्या जातींना सुमारे 7 अंश सेल्सिअसखालील 800 ते 1,000 तासांची थंडी लागते आणि ती न मिळाल्यास फुले तुरळक व मागेपुढे येतात. 'ॲना' आणि 'डॉर्सेट गोल्डन' यांना त्याच्या निम्म्याहूनही कमी थंडी पुरते, आणि त्या एकमेकींना परागही पुरवतात.

पहिल्या वर्षी आलेली फळे काढून टाकावीत, म्हणजे झाडाचा जोर मुळे आणि फांद्यांकडे जाईल. पुढेही, काही कोवळी फळे आपोआप गळून गेल्यावर, प्रत्येक घोसात एकच फळ राखून दोन फळांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर ठेवावे. हाताशी आलेली फळे तोडणे जिवावर येते, हे मी जाणतो. परंतु सगळी राखली तर ती बारीक राहतात, भाराने फांद्या मोडतात आणि थकलेले झाड पुढच्या वर्षी बहर देत नाही.