पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायला परवाना लागतो का? सोसायटी बंदी घालू शकते का?

तुम्हाला लॅब्राडोरचं पिल्लू आणायचंय आणि सोसायटीचे सेक्रेटरी बंदीचा ठराव पुढे करतायत, असं तुम्ही लिहिलंय. परवाना लागतो, आणि सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. पण घरमालकांचा तुम्ही प्रश्नात फक्त ओझरता उल्लेख केलाय. आधी त्यांच्याशी बोला, कारण अडलं तर तिथेच अडेल.

सेक्रेटरी तुम्हाला सर्वसाधारण सभेतला ठराव दाखवतायत ना? भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक त्यांच्यापुढे ठेवा. बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी आणता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. केरळ उच्च न्यायालयानेही 2021 मध्ये सोसायट्यांचे असे बंदीचे नियम बेकायदा ठरवले. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, तरी कमिटीशी बोलताना वजन पडतं. मी स्वतः काही वर्षं आमच्या सोसायटीच्या कमिटीवर होते, म्हणून सांगते: तोंडी वाद घालू नका. परिपत्रकाची प्रत जोडून साधं पत्र द्या आणि पोच घ्या. लेखी पत्र आलं की कमिटीची भाषा बदलते.

घरमालकांचं तसं नाही. लिव्ह अँड लायसन्स करारात 'प्राणी पाळू नयेत' असं कलम असेल, तर परिपत्रक त्यांना दाखवून उपयोग नाही. तुम्ही त्यावर सही केलेली आहे. पिल्लू आणण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या आणि पुढच्या करारात तसं लिहून घ्या. अकरा महिन्यांनी घर सोडावं लागलं म्हणून कुत्रा कुणाच्या तरी गळ्यात मारायचा किंवा रस्त्यावर सोडायचा, हे मला अजिबात सहन होत नाही. पाळीव जनावर असं टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

परवाना महापालिका देते, दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं आणि फी किरकोळ असते. त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, आणि पहिली लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. म्हणजे आधी लस, मग अर्ज. पुढे लसीची तारीख चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, तेव्हा तुमच्याकडच्या सगळ्या कागदांत हे प्रमाणपत्र सर्वांत मोलाचं.

परवाना असला म्हणून तुमची जबाबदारी मात्र कमी होत नाही. आपल्या जनावरामुळे कुणाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. मुंबईत 2010 मध्ये गाडीजवळ दोघांची बाचाबाची चालू असताना मालकाने दार उघडलं, आतला रॉटवायलर बाहेर आला आणि समोरच्या वृद्ध गृहस्थांना चावला. 2023 मध्ये गिरगावच्या न्यायालयाने त्या मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली, तीही जुन्या दंड संहितेच्या याच अर्थाच्या कलमाखाली. तुमचा लॅब्राडोर गरीब स्वभावाचा असेलही. पण जिन्यात समोरून एखादी आजी किंवा लहान मूल आलं तर त्यांना ते कसं कळणार? दाराबाहेर पाऊल पडलं की पट्टा हातात हवा, आणि त्याने घाण केली तर ती तुम्हीच उचलायची.

बिल्डिंगखालच्या भटक्या कुत्र्यांचे नियम वेगळे आहेत, आणि कमिट्या नेमकी इथेच गल्लत करतात. त्यांची नसबंदी आणि लसीकरण 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार महापालिकेने करायचं असतं. त्यांना खायला घालायची जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब असावी, हेही त्या नियमांत आहे. त्या कुत्र्यांचा राग तुमच्या पिल्लावर निघू देऊ नका.

पिल्लू विकत घेणार असाल तर कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या 2017 च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी नोंदणीचा कागद मागा. दाखवायला टाळाटाळ केली तर तिथून पिल्लू घेऊ नका.