पावसाळा सरला की कुत्र्याची खरी काळजी सुरू होते

पिल्लू घरी आणलंत, छान केलंत. आता सप्टेंबरअखेर ते दिवाळी हा काळ जरा डोळ्यांत तेल घालून काढा.

पहिला शत्रू गोचीड. पावसाळ्यानंतरच्या उबदार, दमट हवेत त्या फार वाढतात. फिरून आलं की रोज कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली बोटं फिरवून बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल वगैरे अजिबात लावू नका. आणि फक्त कुत्र्यावर औषध घालून भागत नाही, कारण गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत. तिथेही सफाई हवीच. ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, गडद लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रक्त तपासून घ्या. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडीतून होणारे रक्ताचे आजार वेळेत सापडले तर बहुतेकदा औषधांनी बरे होतात. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं गोचिडीचं औषध तिला कधीही लावू नका, ते तिच्यासाठी विष आहे.

ऑक्टोबरच्या उन्हात दुपारचं फिरणं बंद. डांबरावर तळहात टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही नाही.

दिवाळीत फराळाचे डबे उंचावर ठेवा. बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यांना बाधतात. संध्याकाळचं फिरणं फटाके सुरू होण्याआधी उरका, पट्ट्यावर फोन नंबर लिहा. घाबरून पळालेलं कुत्रं परत मिळायला तोच उपयोगी पडतो.