सळईला मीठ लागलंय का?

प्रश्न : शिरोळ तालुक्यात आमचं १८ वर्षांपूर्वीचं घर आहे. बांधकाम बोअरच्या पाण्यावर झालं. आता स्लॅबला खालून सळईच्या रेषेत भेगा पडल्यात, तांबूस ओघळ दिसतात. न फोडता आतलं कळेल का?

उत्तर : बरंचसं कळेल. क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं पाणी मचूळ लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आरसीसीसाठीच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराईड (मिठातला घटक) चालतं, असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक म्हणतं. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळईवर संरक्षक थर टिकून असतो. क्लोराईड तो जागोजागी भेदतं. गंज फुगतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, फुटतं.

सळईचा विद्युतदाब मोजणारी 'हाफ-सेल' चाचणी करून घ्या. तांबं आणि मोरचूद (बोर्डो मिश्रणात घालता तेच) असलेला इलेक्ट्रोड ओल्या काँक्रीटवर ठरावीक अंतराने टेकवत जातात. मीटरवरचा आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. उणे २०० च्या वर राहिला, तर गंज नसण्याची तेवढीच. मधल्या आकड्यांवरून मी तरी काही बोलणार नाही. मीटरची दुसरी तार थेट सळईला जोडावी लागते, म्हणजे एका जागी थोडं फोडणं आलंच. गिलाव्यावरून मोजू देऊ नका. आणि किती सळई खाऊन झाली, हे या आकड्यावरून कळत नाही.

प्रश्न : २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी घरात आलं होतं. तेव्हापासून कॉलमवर पांढरी भुकटी येते.

उत्तर : हा बहुधा लोणा. ओल सुकताना विटा-गिलाव्यातले क्षार वर येतात. नदीचं पाणी काही खारं नव्हतं. भेग किंवा तांबूस डाग नसेल, तर घाबरू नका. तरी लक्ष ठेवायचं असेल, तर खुणा केलेल्या त्याच जागी दरवर्षी एप्रिलमध्ये हाफ-सेलने मोजा. पावसाळ्यात ओलीमुळे आकडा बदलतो, मग तुलनेला अर्थ उरत नाही.

प्रश्न : ठेकेदाराने हातोड्याची चाचणी केली, 'काँक्रीट एकदम कडक' म्हणाला. पुरे ना?

उत्तर : नाही. रिबाउंड हॅमर वरवरचा कडकपणा मोजतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साईडने जुनं काँक्रीट वरून आणखी टणक होतं, म्हणून आकडा फसवा चांगला येतो. मिठाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. त्यासाठी बारीक ड्रिलने निरनिराळ्या खोलीवरची भुकटी काढून प्रयोगशाळेत द्यावी लागते. सळईच्या खोलीवर किती क्लोराईड आहे, तेवढं त्यांच्याकडून लेखी घ्या.