'मोमेंट ऑफ ट्रूथ' म्हणजे नेमका कोणता क्षण?

'मोमेंट ऑफ ट्रूथ'चा अर्थ 'महत्त्वाचा क्षण' एवढाच घ्यायचा का, आणि मराठीत त्याला काय म्हणावं, असा प्रश्न आहे.

एवढाच अर्थ घेतला तर त्यातला जीवच जातो. आजवरची तयारी, अंदाज, बढाया या सगळ्यांचा कस लागतो आणि पळवाट उरत नाही, तो हा क्षण. नव्या विमानाचं पहिलं उड्डाण घ्या. आकडेमोड झाली, चाचण्या झाल्या. पण चाकं धावपट्टी सोडतात तेव्हा काय ते कळतं. लॉटरीची सोडत मात्र कितीही महत्त्वाची असली तरी इथे बसत नाही, कारण तिथे आपलं काहीच पणाला लागलेलं नसतं, तिकिटाच्या पैशांखेरीज.

हा वाक्प्रचार स्पॅनिश बैलझुंजीतून आला. झुंजीच्या शेवटच्या टप्प्यात मातादोर डाव्या हातातल्या लाल कापडाने बैलाचं डोकं खाली खिळवतो आणि शिंगांवरून झुकून उजव्या हातातली तलवार त्याच्या खांद्यांमध्ये खुपसतो. तेवढ्या वेळापुरतं त्याचं स्वतःचं अंग शिंगांसमोर उघडं पडतं. आधी दाखवलेला डौल खरा होता की वरवरचा, हे तिथेच उघड होतं. स्पॅनिशमध्ये याला 'सत्याची घटका' म्हणतात. इंग्रजी वाचकांपर्यंत तो मुख्यतः अर्नेस्ट हेमिंग्वेच्या १९३२च्या 'डेथ इन द आफ्टरनून'मुळे पोचला.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत तो जरा वेगळा भेटतो. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे प्रमुख यान कार्लझॉन यांनी १९८०च्या दशकात प्रवासी आणि कर्मचारी यांच्या प्रत्येक भेटीला हे नाव दिलं. अशी भेट सरासरी १५ सेकंदांची, असं त्यांचं म्हणणं. कंपनीबद्दलचं प्रवाशाचं मत तिथेच बनतं, म्हणून हा वापर मला रास्त वाटतो.

'रुबिकॉन ओलांडणे'शी मात्र गल्लत नको. इ.स.पू. ४९मध्ये सीझरने ती नदी ओलांडली, तो निर्णय होता, परतीचे दोर कापणारा. इथे निर्णय आधीच झालेला असतो, उरते ती परीक्षा.

म्हणून मराठीत 'निर्णायक क्षण'पेक्षा 'कसोटीचा क्षण' जास्त जवळचा. 'सत्याचा क्षण' लिहिलं तर कुणी कबुलीजबाब देतंय असं वाटतं. बोलताना 'आता खरी कसोटी' पुरेसं होतं. 'घोडामैदान जवळच आहे' हीही याच कुळातली म्हण, पण ती परीक्षा व्हायच्या आधी वापरायची. ऐन परीक्षेच्या वेळी नाही.